एअर सस्पेन्शनची गाडी, मागे ट्रॉली आणि अक्कलकोट रोडचे अण्णा: रिव्ह्यू

अण्णांच्या वेल्डिंगच्या गाळ्याला पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापलाय तो उशिरासाठी आणि वायरिंगसाठी, मूळ कामाला नावं ठेवायला जागा नाही. एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे मागं वजन पडलं की आपोआप वर उचलून लेव्हल होणारी गाडी, आणि तिच्या मागे ट्रॉली लावणारी माणसं सोलापुरात किती असतील देव जाणे, दोन-चार असतील फार तर, पण मला ही माहिती मराठीत कुठंच मिळाली नाही म्हणून जरा लांबण लावतोय. घाई असेल तर रेट आणि वेळा शेवटी दिल्यात त्या बघून घ्या.

आमचा सीझनला हुरडा पार्टीचा धंदा आहे. शेत मंगळवेढा रोडला, गिऱ्हाईक सगळं सोलापूर शहरातलं आणि शनिवार-रविवारी पुण्याचं. खुर्च्या, सतरंज्या, पातेली, शेगड्या, सिलिंडर, पाण्याचा ड्रम असा सगळा बाजार घरून शेतावर आणि शेतावरून घरी न्यायचा म्हणून दोन चाकी ट्रॉली करून घेतली, एमएच १३ पासिंग, रीतसर वेगळी नोंदणी केलेली. (हे आधीच सांगतो कारण प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो.) आणि ओढायला दादाची गाडी. दादाने पुण्यातून सेकंडहँड जर्मन एसयूव्ही आणलीये, कंपनीचं नाव घेत नाही कारण गाडीत बिघाड काहीच नव्हता, तीच तर गंमत आहे. आमच्या गल्लीत सगळे म्हणाले मालक एवढ्या पैशात दोन छोटे हत्ती आले असते आणि ट्रॉलीची भानगडच नको. बरोबर आहे त्यांचं. पण दादाची हौस.

तर त्रास काय होता. ट्रॉली जोडायला काही नाही, गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रॉलीच्या दांडीची टोपी बसवली, ती निसटू नये म्हणून खटका लावला, गाडी चालू केली, मागून पंपाचा गुर्र आवाज आला, बसलेली बाजू वर आली, एकदम सरळ. ओढायला पण मस्त. पण शेतावर गेल्यावर सोडायची म्हणलं की तमाशा. दांडीचा जॅक फिरवायला लागलो की ट्रॉलीची दांडी वर जाते आणि तिच्या बरोबरीने गाडीपण वर येते! टोपी गोळ्यावरून हलायचं नावच घेत नाही. फिरव फिरव फिरव, जॅक संपतो, हँडल घट्ट होतं, गाडीचं ढुंगण वर आणि टोपी आहे तिथंच. मग खाली विटा लावा, फळ्या लावा, जॅक परत खाली घ्या, परत फिरवा. आणि शेवटी जेव्हा सुटते तेव्हा अशी धाडकन सुटते की गाडी वर उसळते आणि दांडी जॅकवर हिंदकळते, त्या वेळी कोणाचा हात मधे असेल तर गेलाच. वर गिऱ्हाईक येऊन बसलेलं असतं, आगटी पेटवायची असते, आणि आपण इथं गाडीमागं गुडघ्यावर.

सल्ले भरपूर मिळाले. गोळ्याला ग्रीस लावा, लावलं. टोपीला खालून हातोडी मारा, मारली, रंग गेला. एकाने सांगितलं दोन पोरं डिकीत बसवा म्हणजे गाडी दबेल आणि टोपी सुटेल. हे ऐकायला बरोबर वाटतं आणि साध्या स्प्रिंगच्या गाडीत चालतंही, पण आमची गाडी चालू होती, तिला वाटलं वजन वाढलं, लगेच पंप सुरू आणि पोरांसकट आणखी वर. पोरं खूश. आम्ही बोंबललो. मग पोरं खाली उतरली तर गाडी अजून उंच.

पुण्याला सर्विस सेंटरला दाखवली. त्यांनी कॉम्प्युटर लावला आणि सांगितलं सर सिस्टीम ओके आहे, एकही फॉल्ट कोड नाही. खोटं बोलले नाहीत ते, सिस्टीम खरंच ओके होती. पण ट्रॉली कशी सोडायची ते सांगा म्हणलं तर म्हणे आमच्याकडे ट्रॉलीवाली गाडी येत नाही, मॅन्युअल बघा. वॉशिंग करून दिली आणि बिल हातात.

अण्णांचं नाव एका ट्रॅक्टरवाल्या पाव्हण्याने सांगितलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या भागात गाळा आहे, बोर्ड पार पुसट झालाय, बाहेर ऊसाच्या ट्रॉल्यांचे सांगाडे पडलेले असतात तीच खूण. मुख्य काम ट्रॅक्टर ट्रॉलीचं, शेड, गेट, ग्रिल, आणि मधेमधे यंत्रमागाच्या पार्टचं वेल्डिंग. अण्णा घरात तेलुगू बोलतात, गिऱ्हाइकाशी सोलापुरी मराठी आणि हेल्परवर ओरडताना दोन्ही मिक्स. वय साठीच्या पुढं असेल. एसयूव्ही बघून ते काही दबले नाहीत की हुरळले नाहीत, पहिला प्रश्न विचारला तो असा, "मालक, ट्रॉली भरून आणलाव का रिकामी?" मी म्हणलं रिकामी. तर म्हणे, "मग काय बघू? भरून आणा, जशी शेतावर नेताव तशी."

इथंच मला कळलं माणूस कामाचा आहे.

दुसऱ्या दिवशी सगळं भरून, ड्रममधे पाणीसुद्धा भरून नेली. आता अण्णांनी काय केलं ते नीट सांगतो कारण पूर्ण रिव्ह्यूमधे हाच भाग महत्त्वाचा आहे. खडूने मागच्या चाकाच्या बरोबर मधे एक टिंब काढलं, वर मडगार्डच्या कडेला एक रेघ. हेल्परला टेप धरून बसवलं तिथं. दुसरा टेप जमिनीपासून गोळ्यापर्यंत. चावी बंद. मग स्वतः जॅकचं हँडल घेतलं आणि चार फेरे फिरवले की थांबायचं, "बोल बे." पोरगा वाचणार, दोन सूत वर. परत चार फेरे. "बोल." चार सूत. टोपी आणि गोळ्यामधे कागद जाईल एवढीसुद्धा फट नाही. सहा सूत. अण्णा खाली वाकून फक्त टोपीकडे बघतायत, टेपकडे नाहीच. आठ सूत म्हणजे पूर्ण एक इंच मडगार्ड वर आलं, गोळा तर जमिनीपासून दीड इंच वर गेला, तेव्हा कुठं टोपीच्या आत खरवडल्यासारखा आवाज आला आणि वजन सुटलं. आणि त्याच वेळी जॅकचा आटा संपत आलेला. अजून दोन इंच वर गेल्याशिवाय टोपी गोळ्याच्या डोक्यावरून निघणार नाही, आणि जॅक संपला!

अण्णा उभे राहिले, हात पुसले आणि म्हणाले, "गाडीला काही झालं नाही मालक. तुमचा जॅक आखूड हाय. रिकाम्या गाडीवर माप घेतलंय कुणीतरी."

आता ह्याचं कारण माझ्या डोक्यात बसलं तसं सांगतो. साध्या पाट्याच्या किंवा स्प्रिंगच्या गाडीवर ट्रॉली लावली की मागची बाजू बसते, समजा दीड इंच. सोडताना तीच दीड इंच वर येते आणि आपल्या मूळ उंचीला येऊन थांबते. म्हणजे रिकाम्या गाडीचा गोळा जेवढा उंच, त्याच्या वर टोपी नेली की झालं. एअर सस्पेन्शनमधे गाडी बसते पण लगेच स्प्रिंगच्या जागी असलेल्या रबरी फुग्यात हवा भरून परत मूळ उंचीला येते. ती जास्तीची हवा कशाला भरली, तर ट्रॉलीचं वजन पेलायला. आता जॅकने ते वजन काढून घेतलं, पण हवा तर आतच कोंडलेली आहे, व्हॉल्व्ह बंद आहे, मग ती हवा फुगणार आणि गाडीला मूळ उंचीच्याही वर नेणार. दीड इंच दोन्हीकडे सारखेच आहेत, फरक सुरुवात कुठून होते त्याचा आहे. साधी गाडी खालून वर आपल्या जागेवर येते, ही गाडी जागेवरून आणखी वर जाते. ज्याने आमची ट्रॉली आधी बनवली (त्याचं नाव सोडा) त्याने रिकाम्या गाडीच्या गोळ्याची उंची धरून जॅक बसवला होता, म्हणून तो बरोबर तेवढाच कमी पडायचा.

आणि शेतावर त्रास जास्त का व्हायचा तर आपली काळी माती. जॅकचं बारकं चाक त्या मातीत एक-दोन इंच घुसतं, तेवढा आटा फुकट. डांबरी रस्त्यावर जे कसंबसं सुटायचं ते शेतात सुटायचंच नाही. हे मला आधी कोणी बोललं नव्हतं, अण्णांनी जॅकच्या चाकाला वाळलेली माती चिकटलेली बघून सांगितलं.

मग त्यांनी दुसरा प्रयोग केला. परत जोडली, परत लेव्हल होऊ दिली, आणि आता चावी ऑन ठेवून, इंजिन बंद, दरवाजे-डिकी बंद, परत तेच चार फेरे आणि थांब. ह्या वेळी थोडं वर आली, मग आपण थांबलो की काही सेकंदांनी मागून फुस्स. पुणे नाक्यावर ट्रॅव्हल्स उभी राहते तेव्हा येतो ना, तोच आवाज. हवा सोडली आणि गाडी खाली गेली. परत चार फेरे, थांब, फुस्स. असं करत करत दांडी जॅकवर राहिली आणि गाडीच टोपीखालून स्वतः खाली सरकली. धक्का नाही, उसळी नाही. गाडीला वर जायला पंप लागतो पण खाली यायला फक्त व्हॉल्व्ह उघडायचा असतो, त्यामुळं इंजिन चालू नसलं तरी हे होतं, निदान आमच्या गाडीत तरी होतं. आणि ते थांबणं महत्त्वाचं आहे, कारण ही सिस्टीम मुद्दाम संथ ठेवलेली असते, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला हवा भर हवा सोड करत बसेल आणि आपल्या रस्त्यांवर तर पंप एका दिवसात जाईल. १९५५ साली अमेरिकेत पॅकार्ड गाडीला मोटरने लेव्हल होणारं सस्पेन्शन होतं, त्यात सुद्धा सात सेकंद थांबून मगच काम सुरू व्हायचं. म्हणजे तुम्ही घाईघाईत एकदम जॅक फिरवला की गाडीला कळायच्या आधीच तुम्ही वर गेलेले असता.

मग काम काय केलं. जुना जॅक काढून टाकला. ट्रॅक्टर ट्रॉलीला लागतो तसला स्क्रू जॅक, पण बारीक पाइपचा, त्याचा आटा भरपूर लांब, दांडीला नवीन प्लेट वेल्ड करून बोल्टवर बसवला, म्हणजे उद्या खराब झाला तर कापाकापी नको. खाली चाकाऐवजी चौकोनी पाय, जवळजवळ वीतभर रुंद, मातीत घुसत नाही, शिवाय एक सागवानी फळी दिली तोडून, तिला दोरी बांधलेली म्हणजे ओढून काढता येते. दोन त्रिकोणी लोखंडी ठोकळे चाकाला लावायला, आतापर्यंत आम्ही दगड शोधत फिरायचो. गाडी-ट्रॉली जोडणारी साखळी नवीन. आणि एक गोष्ट जी मी सांगितलीच नव्हती, गोळा व्हर्नियरने मोजला. ऑनलाइन मागवलेला गोळा दोन इंची म्हणजे ५०.८ मिलिमीटर आणि टोपी ५० मिलिमीटरची. पाऊण मिलिमीटरचा फरक, पण टोपी चिंबून बसायची आणि वजन सुटल्यावरही खरवडायची ती ह्यामुळे. अमेरिकेचा माल इंचात, युरोपचा मिलिमीटरमधे, आपण दोन्हीकडचं अर्धं अर्धं उचलतो. गोळा ५० चा बसवला. दोन्हीवर साइज खोदलेला असतो, घेताना तेवढं वाचून घ्या.

वजनाचं पण बोलले. शेजारच्या गोडाऊनमधून धान्याचा काटा आणून त्यावर जॅक टेकवला, दांडीचं वजन निघालं ९५ किलो. सगळी ट्रॉली भरून सातशेच्या आसपास. ९५ किलो ऐकायला फार नाही वाटत, पण गोळा मागच्या अ‍ॅक्सलच्या चार फूट मागे आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर दहा फूट, त्या हिशोबाने मागच्या अ‍ॅक्सलवर १३३ किलो पडतं आणि पुढून ३८ किलो उचललं जातं. जितकं वजन गोळ्यावर तितकी हवा जास्त आणि तितकी सोडताना उसळी जास्त. कारण काय तर पाण्याचा २०० लिटरचा ड्रम एकदम पुढे ठेवलेला. तो चाकाच्या बरोबर वर सरकवला, सिलिंडर जरा मागे, वजन आलं ६० किलो. उसळी दीड इंचावरून इंचाच्या आत आली. एक रुपया खर्च नाही! पण म्हणून सगळंच मागे ढकलू नका, दांडी हलकी झाली की ट्रॉली स्पीडला डावी-उजवी मारायला लागते आणि मग आवरत नाही. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के गोळ्यावर असावं असा साधारण हिशोब आहे, आम्ही साडेआठवर आहोत, ठीक आहे.

आता आम्ही सोडतो कसं ते लिहितो, अण्णांनी सांगितलेलं आणि त्यात आमची थोडी भर. शक्यतो सपाट जागा, गाडी आणि ट्रॉली एका रेषेत. पाय ब्रेकवर ठेवून न्यूट्रल, मग ट्रॉलीच्या चाकाला ठोकळे, मग ब्रेक जरासा सोडून गाडी-ट्रॉली आपसात सैल होऊ द्यायची, मग हँडब्रेक, मग पार्कमधे. हा क्रम उलटा केला तर उतारावर ट्रॉली गाडीला ढकलत राहते, टोपी गोळ्याच्या एकाच बाजूला दाबून बसते आणि खटका उघडतच नाही, मग लोक सस्पेन्शनला शिव्या देतात. लाइटचा प्लग काढायचा. फळी, फळीवर जॅक. दांडीचं वजन जॅकवर येईपर्यंत फिरवायचं, मग खटका उघडायचा, कारण खटका बंद ठेवून फिरवत राहिलात तर तुम्ही ट्रॉली नाही, अख्खी गाडी उचलताय. चावी ऑन, दरवाजे बंद, थोडं फिरवा, थांबा, फुस्स ऐका, परत फिरवा. टोपी मोकळी झाली की साखळी काढा आणि गाडी लगेच पुढे घ्या. लगेच म्हणजे लगेच, चहा प्यायला जाऊ नका, कारण चावी बंद करून जर सोडवली असेल तर गाडी उंचच राहिलेली असते आणि नंतर कोणी चालू केली की ती आपल्या लेव्हलला खाली येणार, खाली काय आहे ते तिला दिसत नाही, गोळा सरळ दांडीवर किंवा जॅकवर येऊन बसतो. मधे माणूस कधीच नको, हात तर अजिबात नको. पोरांना लांब उभं करा.

दरवाज्याचं म्हणलं ते का, तर बऱ्याच गाड्यांत दरवाजा उघडा असला की उंची बदलणं थांबतं, लँड रोव्हरचं तर हे माहितीच आहे लोकांना. आणि काही गाड्यांत टायर बदलण्यासाठी जॅक मोड असतो, ऑडी क्यू ७ वगैरेंच्या मेनूत सापडेल, तो ऑन केला की लेव्हलिंग झोपतं. ट्रॉली सोडायला तो चालतो का, चालतो, पण मग पूर्ण उसळी तुमच्या जॅकला झेलावी लागते, जॅक लांब असेल तरच ह्या वाटेने जा, आणि मोड ऑफ करायच्या आधी गाडी बाजूला घ्या.

राग मला एका गोष्टीचा येतो. फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने १९५५ मधे डीएस नावाची गाडी आणली, त्यात तेल आणि गॅसवर चालणारं स्वतः लेव्हल होणारं सस्पेन्शन होतं, आणि आत साधा लिव्हर होता उंची कमी-जास्त करायला. जॅकवर दांडी टेकवा, लिव्हर खाली, गाडी खाली बसते, ट्रॉली सुटली. जोडायला गाडी खाली घेऊन मागे घ्या, लिव्हर वर, गोळा स्वतः टोपीत. सत्तर वर्षं झाली ह्याला! लँड रोव्हरमधे आत बसायला-उतरायला गाडी खाली करायचं बटण असतं त्याने पण हेच जमतं, आणि कुठल्या कुठल्या गाडीत सामान चढवायला मागची बाजू खाली करायचं बटण डिकीतच असतं. दादाच्या गाडीत असलं काहीही नाही, ते मॉडेल घेताना कोणीतरी पैसे वाचवले असणार. तुम्ही सेकंडहँड बघत असाल आणि ट्रॉली ओढायची असेल तर सनरूफ बघायच्या आधी डिकीत हे बटण आहे का बघा. आणि रबराचे फुगे पण बघून घ्या, सोलापूरच्या उन्हाळ्यात रबर तडकतं, रात्रभर उभी गाडी सकाळी एका बाजूला बसलेली दिसली तर सौदा सोडून द्या, आणि तसल्या गाडीला ट्रॉली जोडून तर रात्रभर ठेवूच नका. पंपाचं पण तेच, सारखं वर-खाली करत खेळत बसलात तर तो तापतो आणि स्वतः बंद पडतो थोडा वेळ, घाबरू नका, थंड होऊ द्या.

आता तक्रारी. अण्णा वेळ पाळत नाहीत. परवा या म्हणाले की परवा सोडून कधीही समजा, ऊसाच्या सीझनमधे तर ट्रॅक्टरवाले रांगेत असतात आणि आपण मागे. हेही समजू शकतो, त्यांची पोटापाण्याची गिऱ्हाइकं तीच, कारखाने सुरू असताना ज्याची ट्रॉली उभी त्याचा दिवस गेला. पण फोन उचलत नाहीत ते नाही पटलं. आमचं काम गड्ड्याच्या यात्रेच्या आधी हवं होतं, मिळालं यात्रा संपल्यावर, म्हणजे जानेवारीतला ऐन हुरड्याचा जोर विटा-फळ्यांवरच काढला. दुसरं वायरिंग. ते त्यांचं काम नाही हे त्यांनी मान्य केलं असतं तर बरं झालं असतं, पण प्लग बदलून देतो म्हणाले आणि इंडिकेटर उजवा दिला की डावा लागायचा. नंतर आम्ही ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं, वेगळे पैसे गेले. रंग पण नुसता काळा, एक हात, वेल्डिंगच्या जागी लवकरच गंज दिसेल असं वाटतंय, घरी आणून परत प्रायमर मारावा लागला.

वेल्डिंग मात्र बघण्यासारखं आहे. दांडीच्या खालच्या बाजूला, जिथं कोणी बघत नाही, तिथंही ओळ तशीच सरळ आणि भरीव. नुसतं प्लेट चिकटवून मोकळे झाले नाहीत, दोन्ही बाजूंनी त्रिकोणी गसेट, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, टाकले. मी विचारलं एवढं कशाला, तर म्हणाले ऊसाच्या ट्रॉलीला लागतंय तेच लावलं मालक, तुमच्यासाठी वेगळं शिकू काय.

रेट. लांब स्क्रू जॅक, पाय आणि फिटिंग धरून ४२००. गोळा १३००. ठोकळे, साखळी, फळी मिळून ११००. रंगाचे २०० लावले होते ते मी कापून घेतले, त्यांनीही वाद घातला नाही. तपासायचे, टेप लावून बघायचे, दोन वेळा जोडून सोडायचे काहीच घेतले नाहीत, आणि मला वाटतं खरे पैसे त्याचेच होते. एका दुसऱ्या ठिकाणी मला अख्खा टो बार (गाडीमागे गोळा ज्याच्यावर बसतो तो दांडा) बदला म्हणून पंचवीस हजार सांगितले होते, त्याने काहीच फरक पडला नसता. रोख द्या नाहीतर यूपीआय, कार्ड नाही. जीएसटी बिल हवं असेल तर आधीच बोला, नंतर मागितलं की चेहरा बदलतो.

कोणी जाऊ नये तेही सांगतो. तुमची गाडी वॉरंटीत असेल आणि टो बारच्या वायरिंगला हात लागला की वॉरंटी जाईल असं वाटत असेल तर इथं नको. नवीन ट्रॉली आठ दिवसांत हवी असेल तर नको. एसीत बसून कॉफी पीत काम बघायचं असेल तर नकोच नको, इथं उलटं ठेवलेलं ऑइलचं डबडं हीच खुर्ची आणि चहा मात्र दर अर्ध्या तासाला येतो, भरपूर साखरेचा. पण ट्रॉली, दांडी, जॅक, हूक ह्यातलं काहीही असेल आणि बाकीच्यांनी हात वर केले असतील तर डोळे झाकून जा.

सकाळी दहाच्या आधी गाळा उघडत नाही, दुपारी एक ते तीन जेवण आणि झोप, संध्याकाळी सातपर्यंत असतात. ट्रॉली भरलेली घेऊन जा, रिकामी नेलीत तर परत पाठवतील.

ता.क. दोघा-तिघांनी विचारलं म्हणून, हो, थार किंवा बोलेरोसारख्या साध्या स्प्रिंगच्या, पाट्याच्या गाडीला हा लांब जॅक बसवला तरी काही बिघडत नाही, शेतातल्या मातीत उपयोगीच पडेल, पण फुस्सची वाट बघत बसू नका, ती येणार नाही.